बेडूक आजारी पडतो का?

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. आपल्या वसतिगृहातील सहावीच्या काही मुलांनी शाळेमागच्या ओढ्यातून बादलीभर बेडकाची पिल्ले आणली आणि भांडी घासण्याच्या जागेजवळील सिमेंटच्या टाक्यात सोडली. जुन्या पाठ्यपुस्तकांत ज्याला भैकेर म्हटले आहे तो हा शेपटीचा, आरंभी बिनपायांचा जीव. मुले त्याला टॅडपोल म्हणतात, आम्हीही येथे तसेच म्हणू. आठवडाभरात त्यांतील बहुतेक टॅडपोल मेले. टाक्यात शेवाळ नव्हते, सावली नव्हती, वरून राखेचे पाणी झिरपत होते. मरणास एवढे कारण पुरेसे असावे. पण मेलेली पिल्ले ओंजळीत घेऊन आलेल्या एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, बेडूक आजारी पडतो का?" पाणी खराब असेल, असे काहीसे सांगून आम्ही त्या वेळी वेळ मारून नेली. स्मरणिकेच्या संपादक मंडळाने विज्ञान विभागाकडे लेख मागितला तेव्हा तो प्रश्न पुन्हा पुढे आला. तेव्हा चुकविलेले उत्तर येथे देत आहोत.

आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी ज्यांनी विज्ञान शाखा घेतली त्यांना विच्छेदनाचा तास आठवत असेल. मेणाच्या ट्रेमध्ये टाचण्यांनी ताणून ठेवलेला बेडूक, क्लोरोफॉर्मचा वास, तीन कप्प्यांचे हृदय. त्या बेडकाची हाडे, शिरा, नसा आपण पाठ केल्या. तो कोणत्या तळ्यातून आला आणि तेथे तो कसा जगत होता, हे कोणी विचारले नाही, शिकविणाऱ्यांनी सांगितलेही नाही. आता ते विच्छेदन बंद झाले आहे, हे योग्यच झाले. तथापि जिवंत बेडकाच्या अभ्यासाला त्याची जागा अद्याप मिळालेली नाही.

उत्तर असे की, बेडूक आजारी पडतो. विषाणू, जिवाणू, बुरशी, एकपेशीय परजीवी आणि नाना प्रकारचे कृमी त्याला ग्रासतात. यांतील बहुतेक आजार निसर्गाच्या नित्य व्यवहाराचाच भाग आहेत. परंतु गेल्या चाळीसएक वर्षांत जगभर जे घडले ते नित्याचे नव्हते, आणि त्याचा शोध ज्या रीतीने लागत गेला तो समजून घेण्यासारखा आहे. त्या शोधातील एका प्रकरणाचा आरंभ तर एका शाळेच्या सहलीतून झाला. म्हणून तेच आधी सांगतो.

अमेरिकेच्या उत्तरेकडील मिनेसोटा राज्यात हेंडरसन नावाचे लहान गाव आहे. १९९५ च्या ऑगस्ट महिन्यात तेथील न्यू कंट्री स्कूल या शाळेची मुले निसर्गाच्या अभ्यासासाठी एका शेतातील पाणथळ जागेवर गेली होती. तेथे अंगावर ठिपके असलेले बेडूक विपुल होते. मुलांनी ते पकडले, आणि पकडलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांचे पाय धड नाहीत असे त्यांना दिसले. कोणाला मागचा एक पायच नाही, कोणाचा पाय पिळवटलेला, कोणाला जास्तीचा फाटा फुटलेला. पकडताना आपल्याच हातून बेडकांचे पाय मोडले की काय, अशी शंका मुलांना प्रथम आली. मग त्यांनी मोजदाद केली, नोंदी ठेवल्या, छायाचित्रे घेतली आणि राज्याच्या प्रदूषण नियंत्रण विभागाला कळविले. छायाचित्रे इंटरनेटवर गेली. वर्षभरात अन्य राज्यांतून आणि कॅनडातूनही अशाच बातम्या येऊ लागल्या.

लोक घाबरले, आणि त्यांचे घाबरणे अकारण नव्हते. बेडकाची कातडी पातळ. पाण्यात जे असेल ते त्याच्या अंगात उतरते. बेडकांना असे होत असेल तर तेच पाणी पिणाऱ्या आपल्या लेकरांचे काय, असे प्रत्येक घरात विचारले गेले. कीटकनाशकाचा संशय सर्वप्रथम आला. काही शास्त्रज्ञ म्हणाले, विरळ झालेल्या ओझोन थरातून येणारे अतिनील किरण. १९९७ साली राज्याच्या प्रदूषण नियंत्रण विभागाने विहिरींच्या पाण्यातच काहीतरी असावे असे जाहीर केले, आणि त्या परिसरातील कुटुंबांना बाटलीबंद पाणी देऊ केले. पुढे अन्य प्रयोगशाळांनी त्या चाचण्या पुन्हा तपासल्या तेव्हा वेगळीच बाब निघाली. त्या पाण्यात क्षारांचे प्रमाण बेडकाच्या भ्रूणाला लागते त्याहून कमी होते, आणि चाचणीतील विकृती बहुधा त्यामुळेच दिसत होती. कोणी खोटे बोलले नव्हते. घाईने मात्र निष्कर्ष काढला होता.

या गोंधळात एक जुना निबंध पुन्हा चर्चेत आला. स्टॅन्ली सेशन्स या जीवशास्त्रज्ञाने कॅलिफोर्नियातील एका तळ्यातील बेडूक व सॅलमँडर तपासले होते. त्यांना जास्तीचे पाय होते. त्या पायांच्या मुळाशी त्याला एका चपट्या कृमीच्या सूक्ष्म गाठी दिसल्या. मग त्याने एक साधा प्रयोग केला. कृमीच्या गाठीएवढे राळेचे बारीक मणी घेतले आणि पाय फुटण्याच्या बेतात असलेल्या पिल्लांच्या त्या कोंबात बसविले. मण्यात ना विष होते, ना जीव. तरीही काही पिल्लांना जास्तीचे पाय फुटले. वाढणाऱ्या पेशींच्या रचनेत नुसता अडथळा आला तरी शरीराची आखणी चुकते, एवढे त्याने १९९० मध्येच दाखविले होते. पण मणी म्हणजे कृमी नव्हे. तळ्यात हेच घडते याचा पुरावा हवा होता.

तो पुरावा पीटर जॉन्सन या स्टॅनफर्ड विद्यापीठातील तरुण विद्यार्थ्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दिला. त्यांनी कॅलिफोर्नियातील ३५ तळी पायी हिंडून पाहिली. विकृत बेडूक मोजक्याच तळ्यांत होते, आणि त्या तळ्यांत एका विशिष्ट जातीची पाणगोगलगाय होती. बेडकांच्या मागच्या पायांच्या मुळाशी रिबेरोइया नावाच्या चपट्या कृमीच्या गाठी होत्या. पाण्यात कीटकनाशके वा जड धातू आढळले नाहीत. मग प्रयोगशाळेत टॅडपोलचे गट करून त्यांना १६, ३२ आणि ४८ कृमी-अळ्यांच्या सान्निध्यात ठेवले गेले. एका गटाला अळ्यांपासून दूर ठेवले, आणि एका गटावर दुसऱ्याच जातीच्या कृमीच्या अळ्या सोडल्या. दूर ठेवलेली पिल्ले धड वाढली, दुसऱ्या कृमीनेही पाय बिघडले नाहीत. रिबेरोइयाने मात्र बिघडले. ४८ अळ्या दिलेल्या गटातील निम्म्याहून अधिक पिल्ले दगावली आणि उरलेली सर्व विकृत झाली. हा निबंध १९९९ साली 'सायन्स' या नियतकालिकात आला.

या कृमीचा जीवनक्रम शेतकरी पालकांना परका वाटणार नाही. प्रौढ कृमी बगळ्यासारख्या पाणपक्ष्याच्या आतड्यात राहतो. त्याची अंडी विष्ठेतून पाण्यात पडतात. अंड्यातून निघालेली अळी गोगलगायीच्या अंगात शिरते, तेथे तिच्या शेकडो प्रती तयार होतात, आणि गोगलगाय स्वतः अंडी घालण्यास असमर्थ होते. रात्रीच्या वेळी शेपटीच्या सूक्ष्म अळ्या गोगलगायीतून बाहेर पडून पाण्यात पोहू लागतात. त्यांना टॅडपोल सापडला की त्या नेमक्या मागच्या पायांच्या कोंबाजवळ त्याच्या कातडीत घुसतात आणि गाठ करून बसतात. पाय बिघडलेल्या बेडकाला नीट उडी मारता येत नाही. बगळा त्याला सहज टिपतो, आणि कृमी पुन्हा पक्ष्याच्या पोटात पोहोचतो. बेडकाचे अपंगत्व हा कृमीचा लाभ आहे, असे संशोधक मानतात.

आपल्याकडे शेळ्यामेंढ्यांना आणि गुरांना होणारा यकृतकृमीचा आजार असाच गोगलगायीमार्फत येतो. दलदलीच्या कुरणावर शेळ्या चारू नयेत असे जाणती माणसे सांगत आली ती याचमुळे. माणसाच्या बाबतीतही महाराष्ट्रात एक प्रसिद्ध उदाहरण आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी गावात १९५० च्या दशकाच्या आरंभी लघवीतून रक्त जाण्याचा एक आजार डॉक्टरांच्या नजरेस आला. तो रक्तात राहणाऱ्या चपट्या कृमीमुळे होता, आणि गावच्या पाण्यातील एका लहानशा गोगलगायीतून त्याच्या अळ्या माणसापर्यंत पोहोचत होत्या. आफ्रिकेत कोट्यवधींना होणारा हा आजार भारतात इतका विरळ की गिमवीचे नाव वैद्यकाच्या पुस्तकांत गेले. मिनेसोटातील मुले आणि गिमवीतील ग्रामस्थ यांच्या मध्ये अर्धे जग आहे. पण पाणी, गोगलगाय आणि अळी ही साखळी त्याच घडणीची.

मग सगळे कृमीवर ढकलून शेतीतील रसायनांना निर्दोष ठरवावे काय? काहींनी तसे केलेही. परंतु हा कृमी पूर्वीही होता, गोगलगायही होती. मग विकृत बेडूक आताच एवढे का दिसू लागले? २००२ साली जोसेफ कीसेकर या संशोधकाचा पेनसिल्व्हेनियातील एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्याने तळ्यांत जाळीचे पिंजरे ठेवून त्यांत टॅडपोल वाढविले. काही पिंजऱ्यांची जाळी इतकी बारीक की पाणी आत येई, पण कृमीच्या अळ्या येऊ शकत नसत. इतरांची जाळी मोठी. काही तळ्यांत शेतातील पाणी उतरत होते, काहींत नाही. बारीक जाळीतील एकही बेडूक विकृत झाला नाही, मग तळे कोणतेही असो. म्हणजे कृमीवाचून विकृती नाही. पण मोठ्या जाळीच्या पिंजऱ्यांपैकी ज्या तळ्यांत शेतातील पाणी येत होते तेथे विकृती अधिक होती. कीटकनाशकाने पिल्लांची प्रतिकारशक्ती कमी केली होती. औषध एकट्याने पाय बिघडवीत नव्हते, कृमीला वाट मोकळी करून देत होते. हा प्रयोग आम्ही दहावीच्या वर्गात फळ्यावर आकृती काढून सांगतो. दोन कारणे एकमेकांत गुंतलेली असताना ती वेगळी कशी काढावीत हे त्याइतके स्वच्छ दाखविणारे उदाहरण आम्हाला दुसरे मिळालेले नाही.

रासायनिक खताचे काम आणखी वेगळे आहे. नत्र आणि स्फुरद पावसाबरोबर तळ्यात गेले की शेवाळ माजते, शेवाळावर गोगलगायी पोसतात, गोगलगायींबरोबर कृमी वाढतो. जॉन्सन आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये हे कृत्रिम तळ्यांत करून दाखविले. खतामुळे गोगलगायींची संख्या वाढलीच, पण प्रत्येक गोगलगायीतून बाहेर पडणाऱ्या अळ्याही वाढल्या. पिकासाठी टाकलेल्या गोणीतील काही भाग अशा रीतीने बेडकाच्या पायापर्यंत जातो. पालकांनी खत टाकू नये असे आम्ही म्हणत नाही. बांधाला वाहून जाईल असे, पावसाच्या तोंडावर ते टाकू नये, एवढे मात्र म्हणतो. त्यात पैशाचीही बचत आहे.

पुढे त्याच गटाने कॅलिफोर्नियातील ३४५ पाणथळ जागांचा अभ्यास केला आणि २०१३ साली निष्कर्ष मांडला. ज्या तळ्यात बेडूक-सॅलमँडरांच्या अनेक जाती एकत्र नांदतात तेथे या कृमीचा प्रसार सुमारे ७८ टक्क्यांनी कमी असतो. याचे कारण असे की तळे उजाड झाले तरी जी जात सर्वात शेवटपर्यंत टिकते, तीच कृमीला सर्वाधिक सोयीची असते. जाती वाढल्या की अनेक अळ्या जेथे नीट रुजत नाहीत अशा अंगांवर जाऊन वाया जातात.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. मिनेसोटातील सर्वच तळ्यांचे उत्तर हा कृमी नव्हता. जास्तीच्या पायांचे कारण तो पुष्कळदा असतो. पण नुसता पाय तुटलेला असेल तर चतुराच्या पाण्यातील पिल्लांनी टॅडपोलचा कोंब कुरतडलेला असणेही शक्य असते, असे पुढील अभ्यासांत दिसले. एकाच लक्षणाची कारणे दोन असू शकतात. वैद्याला हे ठाऊक असते. वृत्तपत्रांना ते आवडत नाही.

हा कृमी बेडकाला अपंग करतो. संपूर्ण जातच्या जात पुसून टाकणारा आजार निराळा आहे आणि तो बुरशीचा आहे.

१९८९ साली इंग्लंडमधील कँटरबरी येथे उभयचर व सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अभ्यासकांची पहिली जागतिक परिषद भरली. तेथे वेगवेगळ्या खंडांतून आलेले लोक चहाच्या वेळी एकमेकांना एकच गोष्ट सांगू लागले : आमच्याकडचे बेडूक नाहीसे होत आहेत. जंगल तोडलेले नाही, पाणी स्वच्छ आहे, तरीही. ऑस्ट्रेलियातील एक बेडूक आपली पिल्ले पोटात, म्हणजे प्रत्यक्ष जठरात, वाढवून तोंडातून बाहेर सोडत असे. १९७३ मध्ये शास्त्राला त्याची ओळख झाली आणि १९८१ नंतर तो रानात कोणाला दिसला नाही. पिल्ले पोटात असताना जठराचा पाचक रस तो कसा थांबवीत असे, हे समजण्याआधीच तो गेला.

१९९८ मध्ये ऑस्ट्रेलिया व मध्य अमेरिकेतील मेलेल्या बेडकांच्या कातडीत एक बुरशी सापडल्याचे जाहीर झाले. पुढच्या वर्षी अमेरिकेतील मेन विद्यापीठाच्या जॉयस लाँगकोर यांनी सहकाऱ्यांसह तिला नाव दिले, बॅट्राकोकायट्रियम डेन्ड्रोबॅटिडिस. वॉशिंग्टनच्या प्राणिसंग्रहालयात मेलेल्या एका निळ्या बेडकापासून त्यांनी ती वेगळी केली होती. नाव जड आहे, म्हणून आम्ही तिला कायट्रिड एवढेच म्हणू. तिचे बीज एका शेपटीने पाण्यात पोहते आणि बेडकाच्या कातडीतील केराटिन असलेल्या थरात शिरते. केराटिन म्हणजे आपल्या नखांत आणि केसांत असते तेच द्रव्य.

टॅडपोलचे महत्त्व येथे कळते. त्याच्या कातडीत केराटिन नसते; ते असते फक्त तोंडाजवळ, शेवाळ खरवडण्याच्या बारीक दातांत. म्हणून बुरशी टॅडपोलच्या तोंडाला लागते आणि तेथेच राहते. त्याचे खाणे मंदावते, पण तो सहसा मरत नाही. महिनोन्महिने तळ्यात बुरशीची बीजे सोडत राहतो. त्याला पाय फुटून तो बेडूक होऊ लागला, सर्वांगाची कातडी पक्व झाली, की बुरशी तोंडावरून अंगभर पसरते. टॅडपोलनी भरलेले निरोगी दिसणारे तळे आणि काठावर मरून पडलेले इवले बेडूक, असे दृश्य त्यामुळे दिसते.

कातडीच्या बुरशीने प्राणी मरतो हे आपल्याला चमत्कारिक वाटेल. गजकर्णाने माणूस मरत नाही. पण बेडूक कातडीने पाणी पितो, श्वासाचा मोठा भाग कातडीने घेतो आणि रक्तातील क्षारांचे प्रमाणही कातडीनेच राखतो. २००९ साली जेमी व्हॉइल्स आणि सहकाऱ्यांनी दाखविले की आजारी बेडकाच्या रक्तातील सोडियम आणि पोटॅशियम घसरत जाते आणि अखेरीस हृदय थांबते. जुलाबाने क्षीण झालेल्या मुलाला मीठ-साखरेचे पाणी का द्यायचे हे ज्या मातेला कळते, तिला हे मरण समजावून सांगावे लागणार नाही. त्या संशोधकांनी काही बेडकांना क्षारांचे द्रावण दिले. ते वाचले नाहीत, पण काही तास अधिक जगले. कारण बरोबर ओळखले गेले, याची ती खूण होती.

कॅरेन लिप्स या संशोधिकेने मध्य अमेरिकेत ही साथ डोंगररांगेने पुढे सरकताना पाहिली. कोस्टा रिकात बेडूक संपले, मग पनामाच्या पश्चिमेस संपले. यावरून पुढची पाळी कोणाची हे तिने ताडले आणि पनामातील एल कोपे येथे साथ येण्यापूर्वीच नोंदी सुरू केल्या. २००४ च्या अखेरीस साथ आली. काही महिन्यांत ओढे मुके झाले. तेथील ७४ जातींपैकी ३० जाती नाहीशा झाल्या. साथीच्या वाटेवरील एल व्हाये गावात तर शिल्लक बेडूक वाचविण्यासाठी एका हॉटेलच्या खोल्या घेतल्या गेल्या आणि तेथे पाहुण्यांऐवजी बेडूक ठेवले गेले. २०१९ पर्यंतचा जागतिक हिशेब असा की या बुरशीने किमान ५०१ जातींना फटका बसला आणि त्यांपैकी ९० जाती बहुधा नामशेष झाल्या. एका रोगामुळे अन्य कोणत्याही प्राणिवर्गाची इतकी हानी झाल्याची नोंद नाही.

बेडूक गेले म्हणून माणसाचे काय बिघडले? हाच प्रश्न लिप्स आणि काही अर्थतज्ज्ञांनी आकडेवारीला विचारला, आणि २००२ ची नव्हे, तर दशकांची जिल्हानिहाय माहिती तपासून २०२२ मध्ये उत्तर प्रसिद्ध केले. कोस्टा रिका व पनामात जेथे जेथे बेडूक संपले तेथे पुढील काही वर्षे हिवताप वाढला. ऐन भरात दर हजार माणसांमागे वर्षाला सुमारे एक रुग्ण अधिक. टॅडपोल डासांच्या अळ्यांशी अन्नासाठी स्पर्धा करतात, बेडूक डास खातात. ते खाणारे उरले नव्हते.

ही बुरशी आली कोठून? २०१८ साली अनेक देशांच्या संशोधकांनी तिच्या जनुकांची तुलना करून सांगितले की तिचे मूळ पूर्व आशियात, बहुधा कोरियाच्या परिसरात आहे, आणि विसाव्या शतकाच्या आरंभापासून माणसाच्या व्यापाराबरोबर ती जगभर गेली. पाळण्यासाठी, खाण्यासाठी, प्रयोगशाळांसाठी जिवंत बेडकांची ने-आण होत होती. आपल्या वडीलधाऱ्यांना पावसाळी रात्री गॅसबत्ती घेऊन बेडूक पकडणारे लोक आठवत असतील. भारतातून बेडकाच्या तंगड्या परदेशी जात. १९८७ साली सरकारने ती निर्यात बंद केली, तीही रोगासाठी नव्हे. भातशेतीतील किडी खाणारा प्राणी संपत चालला म्हणून.

कायट्रिड सह्याद्रीतही आहे. पुण्याच्या आयसर संस्थेतील नीलेश डहाणूकर आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये पश्चिम घाटातील बेडकांत ती आढळल्याचे मांडले. हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेच्या संशोधकांनी २०१८ मध्ये देशातील अनेक ठिकाणचे नमुने तपासून तिचे वैविध्य मोठे पण लागण कमी असल्याचे दाखविले. पनामासारखी सामूहिक मरणे येथे नोंदलेली नाहीत. आशियातील बेडूक आणि ही बुरशी दीर्घकाळ एकमेकांच्या सहवासात राहिल्याने त्यांच्यात तडजोड झाली असावी, असा तर्क आहे. यात समाधान आहे, पण निश्चिंती नाही. बाहेरून आलेला अधिक घातक वाण येथील वाणांत मिसळला तर ती तडजोड टिकेलच असे नाही. ही बुरशी माणसाला होत नाही, हेही येथेच सांगून ठेवतो, नाहीतर उद्या कोणी पालक मुलांना ओढ्यावर जाऊ देणार नाहीत.

अन्य आजारांचा निर्देश थोडक्यात करतो. राना-विषाणू नावाच्या विषाणूंनी ब्रिटनमध्ये १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून घरांच्या बागांतील तळ्यांत बेडूक मेले. अंगावर व्रण, आत रक्तस्राव. याची माहिती प्रामुख्याने सामान्य नागरिकांनीच कळविली, आणि त्यांच्याच नोंदींवरून पुढे दिसले की ज्या तळ्यांत हा आजार पुन्हा पुन्हा आला तेथील बेडूक सुमारे ८० टक्क्यांनी घटले. अमेरिकेत पर्किन्सिया नावाचा एकपेशीय परजीवी थेट टॅडपोलनाच मारतो. त्यांचे यकृत त्याच्या पेशींनी भरून जाते, पोट फुगते आणि ते पाण्यावर तरंगू लागतात.

उपायांपैकी एक आम्हाला विशेष आवडला. कायट्रिडला १७ ते २५ अंश तापमान मानवते, २८ च्या वर तिची वाढ खुंटते. हे ध्यानी घेऊन ऑस्ट्रेलियातील अँथनी वॉडल यांनी भोके असलेल्या साध्या विटा रचल्या आणि त्यांवर लहानसे पारदर्शक आच्छादन घातले. हिवाळ्यातील उन्हात त्या विटा तापतात. आजारी बेडूक आपण होऊन त्या भोकांत जाऊन बसले, त्यांची बुरशी गेली. आणि एकदा बरे झालेले बेडूक पुन्हा थंडीत आले तरी त्यांना लागण सहज होईना. २०२४ मध्ये हा अभ्यास 'नेचर'मध्ये आला. औषध नाही, यंत्र नाही. हा उपाय प्रत्येक जातीला लागू पडणार नाही; घनदाट, थंड रानात राहणाऱ्या बेडकाला तापलेली वीट मानवणार नाही.

आमच्या सिमेंटच्या टाक्याकडे परत येतो. त्या मुलांची चूक एवढीच होती की एका पाण्यातील जीव त्यांनी दुसऱ्या पाण्यात नेला. आणि मोठ्या व्यापारानेही नेमके हेच केले. आता आम्ही मुलांना टॅडपोल आणू देतो, पण काचेच्या बरणीत, मोजके, ओढ्याच्याच पाण्यात, आणि पाहून झाल्यावर संध्याकाळपूर्वी जेथून आणले तेथेच परत. एका तळ्यावरून दुसऱ्या तळ्यावर जाताना चपला व जाळी धुऊन उन्हात वाळवायची. वाळल्यावर या बुरशीचे बीज जगत नाही. घरातील काचपेटीतील मासे वा विकत आणलेली पाणवनस्पती ओढ्यात सोडायची नाही. एकाच जागी अनेक बेडूक मेलेले दिसले तर हात न लावता तारीख आणि जागा लिहायची, छायाचित्र घ्यायचे आणि आम्हाला सांगायचे.

यासाठी मुलांनी एक जाड वही केली आहे. पहिला पाऊस कधी झाला, पहिला आवाज कधी ऐकू आला, अंड्यांचा फेस कोठे दिसला, पाय फुटलेली पिल्ले काठावर केव्हा आली, एवढेच तिच्यात असते; अक्षर वाईट आहे, तारखा बरोबर आहेत. वही प्रयोगशाळेतील खिडकीजवळच्या कपाटात ठेवलेली आहे. वर्धापनदिनाला येणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी ती मागून घ्यावी. आपण वसतिगृहात असताना ओढ्याला पाणी कोणत्या महिन्यापर्यंत राहत असे आणि काठाला कोणते बेडूक ओरडत, हे ज्यांना आठवत असेल त्यांच्यासाठी मागची पाने मुद्दाम कोरी ठेवली आहेत.